बोटभर पुढे सरकलेलं घोडदळ

दात कोरून पोट भरत नाही असं म्हणतात. दातवाल्यांचं मात्र भरत होतं, आणि चांगलं भरत होतं. गावातल्या दवाखान्यांतून जबड्यांचे ठसे त्यांच्याकडे यायचे. त्यांत प्लास्टर ओतायचं, मेणात एकेक दात मांडायचा, हिरड्या कोरायच्या, घासून गुळगुळीत करायचं, आणि कुणाचे तरी आजोबा पुन्हा चावून खाऊ शकतील अशी कवळी डबीत घालून पाठवायची. तळघरातली एक खोली, वाकडी मान असलेला दिवा, फडताळात ओळीनं मांडलेले जबडे. "दिवसभर एवढी तोंडं समोर असतात, पण एक उलटून बोलत नाही," असं ते बायकोला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचे. "म्हणूनच घरी आल्यावर ऐकायची सवय राहिली नाही," असं तीही त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची.

माणूस नाकासमोर चालणारा. रांगेत कुणी मध्ये घुसलं तर सगळे चुळबुळ करायचे, बोलायचे दातवालेच. त्यांच्या हाताचा त्यांना फार अभिमान होता. मेणातला दात केसभर हलला तरी त्यांना दिसायचा, आणि तो परत जागेवर बसवताना त्यांचं बोट कधी चळायचं नाही.

खेळाचं वेड लागलं तेही या हातामुळेच. गाव सोडून चाललेल्या एका डॉक्टरांनी सामान आवरताना त्यांना बोटाच्या पेराएवढ्या धातूच्या सैनिकांची पेटी दिली. "तुमच्या हाताला जमेल रंगवायला," एवढंच म्हणाले. दातवाल्यांनी पहिल्या सैनिकाच्या पट्ट्याचं बक्कल रंगवलं आणि तिथंच अडकले. मग कळलं की असे सैनिक नुसते मांडून ठेवायचे नसतात, त्यांची लढाई लावायची असते. मोठ्या टेबलावर डोंगर, नदी, पूल उभे करायचे. दोन बाजूंना दोन सैन्यं. आपली पाळी आली की कोणती तुकडी किती इंच पुढे न्यायची ते टेपनं मोजायचं, आणि गोळी लागली की हुकली ते फाशांनी ठरवायचं. बुद्धिबळाचा पसारा घालणारा थोरला भाऊच म्हणा ना.

त्यांच्यासारखे आणखी काही जण निघाले आणि एक मंडळ झालं. निवृत्त मास्तर, एक नर्स, बँकेतले दोघे मेहुणे, असे. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये वर्षातून एकदा स्पर्धा व्हायला लागली आणि ती भरवायची कोणी, हा प्रश्न कधी पडलाच नाही. टेबलं जोडायला दातवाले, कवळ्यांच्या प्लास्टरचे डोंगर करायला दातवाले, आणि वाद झाला की निवाडा द्यायलाही दातवालेच. त्यांचा निवाडा सगळे मानायचे. "मोजमाप म्हणजे मोजमाप," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मास्तर त्यांची नक्कल करताना नेमकं तेच म्हणायचे.

मंडळात सलूनवाल्यांना आणलं तेही दातवाल्यांनीच. कोपऱ्यावरच्या त्या सलूनमध्ये ते वर्षानुवर्षं केस कापून घ्यायचे. एकदा खिशातून रंगवलेला घोडेस्वार काढून दाखवला, आणि सलूनवाल्यांनी कात्री बाजूला ठेवून तो उजेडात धरला. पुढच्या वेळी ते म्हणाले, "मला एक पेटी मिळेल का हो कुठं?" माणूस कमी बोलणारा, पण टेबलावर बसला की भल्याभल्यांना घाम फोडायचा. वाट बघायची, गप्प राहायचं आणि समोरचा निर्धास्त झाला की बगलेतून घाव घालायचा, ही त्यांची रीत.

पण त्या वर्षी एक गोष्ट घडली होती आणि दातवाल्यांनी ती कुणाला सांगितली नव्हती. सलूनवाले हल्ली केस कापताना मनगट गिऱ्हाइकाच्या डोक्यावर टेकवायचे. त्याचा भार लागायचा. एकदा वस्तरा कानामागे लागला, रक्त आलं. सलूनवाल्यांनी तुरटी लावली, चारदा माफी मागितली. दातवाले "अहो, चालायचंच," म्हणाले, आणि पुढच्या वेळी बाजारातल्या नव्या सलूनमध्ये गेले. मग त्याच्या पुढच्या वेळीही. कोपऱ्यावरून जाताना ते रस्त्याच्या पलीकडून चालायला लागले. काचेतून कुणी बघतंय का, हे बघायला मान वळवायची नाही असं ठरवून चालायचे, म्हणजे मान अवघडायची.

स्पर्धेच्या दिवशी एक खेळाडू आला नाही. जोड्या जुळेनात. कुणीतरी दिवसभर नुसतं बसून राहणार, म्हणून भरवणाऱ्यानंच खेळायला उतरायचं ठरलं. तेव्हा मास्तर म्हणाले होते, "मग तुमच्या टेबलावरचा निवाडा माझ्याकडे द्या." दातवाले हसले. "माझ्या टेबलावर वाद होतो का कधी?" आणि तो विषय तिथंच राहिला.

पहिल्या दोन लढाया त्यांनी जिंकल्या. तिसऱ्या फेरीला समोर सलूनवाले आले.

"नमस्कार," सलूनवाले म्हणाले, आणि त्यांची नजर क्षणभर दातवाल्यांच्या कानाशी, नव्यानं कापलेल्या केसांवर थांबली. कुणाच्या हातचं काम आहे हे त्या धंद्यातल्या माणसाला लपत नाही. "छान कापलेत," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, असं दातवाल्यांना वाटलं. आपण ज्याच्याशी नीट वागलेलो नसतो, त्याच्याच बारीकसारीक गोष्टी आपल्याला खुपायला लागतात. त्यांना सलूनवाल्यांचं सावकाश खेळणं खुपलं, हात टेबलाच्या कडेला टेकवून ठेवणं खुपलं, पाळी संपल्यावर तो हात मांडीखाली घालून बसणंही खुपलं.

आणि दातवाले हरायला लागले. पूल गेला. टेकडीवरच्या तोफा गप्प झाल्या. डावीकडून सलूनवाल्यांचं घोडदळ झाडीच्या आडून पुढे येत होतं. दातवाल्यांची बायको त्या दिवशी पहिल्यांदाच स्पर्धा बघायला आली होती आणि मागे खुर्चीवर बसली होती. तिच्यासमोर हरणं त्यांच्या जिवावर आलं.

सलूनवाल्यांनी घोडदळ हलवलं. दातवाल्यांनी टेप लावला. बोटभर जास्त.

"हे घोडदळ इथे येत नाही," ते म्हणाले.

"असं? सरकलं असेल. मागे घ्या."

दातवाल्यांनी मागे घेतलं. पुढच्या पाळीला पुन्हा टेप लावला. पुन्हा बोटभर जास्त. एवढंसं तर होतं. दुसऱ्या कुणाच्या टेबलावर हे झालं असतं तर त्यांनी स्वतःच "घ्या हो मागे, आणि खेळा," म्हणून सोडून दिलं असतं. पण त्यांचा आवाज चढला.

"सरकलं नाही, सरकवलंय तुम्ही! दोनदा!"

हॉलमधले फासे थांबले. सगळ्या टेबलांवरून माना वळल्या.

"दातवाले," मास्तर उठत म्हणाले, "मी बघतो जरा."

"बघायचं काय त्यात? मोजमाप म्हणजे मोजमाप. मी निवाडा देतोय. ही लबाडी आहे, यांचा डाव बाद."

सलूनवाल्यांनी मांडीखालचा उजवा हात काढला आणि टेबलावर, सगळ्यांना दिसेल असा, अधांतरी धरला. हात थरथरत होता. थंडीनं कापावा तसा नव्हे. अंगठा आणि बोटं एकमेकांवर घासत, जणू अदृश्य गोळी वळत असल्यासारखा.

"ठरत नाही हो," ते म्हणाले. "घोडा ठेवताना पुढे जातो. डॉक्टर म्हणतात, आता वाढतच जाणार." मग अगदी साधेपणानं, "तुम्हाला माहीत असेल असं धरून चाललो होतो मी. कानामागे लागलं तेव्हाच ओळखलं असेल तुम्ही. म्हणूनच यायचे थांबलात ना?"

हॉलमधले निम्मे लोक त्यांची गिऱ्हाइकं होती. बँकेतल्या एका मेहुण्याचा हात नकळत स्वतःच्या गळ्याकडे गेला, आणि ते सलूनवाल्यांनी बघितलं.

मग ते सैनिक आवरायला लागले. पेटीत प्रत्येकासाठी स्पंजात कोरलेली खाच होती. एकेक सैनिक उचलायचा, खाचेवर न्यायचा, तो बाजूला लागायचा, पुन्हा न्यायचा. फार वेळ लागला. दातवाल्यांचे हात, मेणातला दात केसभरही हलू न देणारे हात, टेबलाच्या या बाजूला तसेच पडून होते. मदत करावी असं त्यांना वाटलं आणि आपल्याला आता तो अधिकार राहिला नाही असंही वाटलं. शेवटी नर्सबाई उठल्या आणि पेटीचं झाकण धरून उभ्या राहिल्या. सलूनवाले पेटी काखेत घेऊन जिना उतरून गेले.

स्पर्धा पुढे चालली, कशी ते विचारू नका. डाव बाद म्हणजे दातवाल्यांची जीत, म्हणजे गुणांमध्ये ते पहिले. मास्तरांनी त्यांचं नाव न घेता दुसऱ्यालाच चषक दिला, आणि दातवाल्यांनी मान वर केली नाही. टेबलं सुटी करताना कुणी त्यांची चेष्टा केली नाही. तेच त्यांना झोंबलं. टोमणे मारले असते तर निदान आपण अजून यांच्यातले आहोत असं तरी वाटलं असतं.

घरी जाताना बायकोनं एवढंच विचारलं, "हरत होतात ना तुम्ही?"

"हो."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्यांना त्या एका प्रश्नात कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं की काल गैरसमजातून चुकीचा निर्णय झाला, क्षमस्व. लगेच अंगठे आले, जोडलेले हात आले. सलूनवाल्यांकडून काहीच आलं नाही. गैरसमज हा शब्द दातवाल्यांनाच टोचत राहिला. गैरसमज कसला? वस्तरा लागला तेव्हा ते मनगट थरथरताना त्यांनी आरशात बघितलं होतं. बघून न बघितल्यासारखं केलं होतं. मोडकी कवळी घेऊन थेट तळघरात येणाऱ्या किती म्हाताऱ्यांचे हात त्यांनी असे बघितले होते, अंगठा बोटांवर घासणारे. त्यांना कळायला कुणी सांगायची गरज नव्हती.

बातमी गावभर झाली. कोपऱ्यावरच्या सलूनमधल्या खुर्च्या रिकाम्या दिसायला लागल्या. दातवाले पलीकडच्या बाजूनंच जायचे, पण आता मान वळवून बघायचे. आणि एक दिवस रस्ता ओलांडून आत गेले.

आत सलूनवाले नव्हते. त्यांची मुलगी होती, चाळिशीची, आधी दुसऱ्या गावात ब्युटी पार्लर चालवायची. तिनं खुर्चीकडे हात केला आणि ते बसल्यावर आरशातून त्यांना ओळखलं.

"तुम्ही दातवाले ना?"

"हो. तुमच्या वडिलांना भेटायला आलो होतो. माफी मागायला."

"बाबा घरी आहेत. वरच राहतो आम्ही," ती म्हणाली, पण जिन्याकडे बोट काही दाखवलं नाही. कंगवे धुता धुता ती बोलत राहिली. "त्यांनी आम्हालाही सांगितलं नव्हतं, माहितीये? आईला सांगितलं होतं फक्त. मला फोनवर एका गिऱ्हाइकानं सांगितलं. हळूहळू काम माझ्याकडे द्यायचं, लोकांना सवय होऊ द्यायची, असं त्यांनी ठरवलं होतं म्हणे. आता घाईनं यावं लागलं मला."

"वर जाऊन दोन शब्द बोलतो फक्त."

"दोन शब्द इथे कोपऱ्यात बोलून काय होणार काका? लबाड म्हणालात ते सगळ्यांसमोर. माफी मागायला बरी ही एकांताची जागा शोधली!"

ते उठले, आणि दारातून बाहेर पडताना त्यांचा पाय पायरीवर अडखळला. तिनं हात पुढे केला नाही.

त्यानंतर मंडळाची बैठक व्हायची होती. जायचं टाळायला त्यांनी निमित्तं खूप शोधली. ताप आल्यासारखं वाटतंय, असंही बायकोला सांगून बघितलं. तिनं कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "ताप नाहीये. जा."

बैठकीत चहा झाल्यावर ते उभे राहिले. बोलायचं पाठ केलं होतं, ते सगळं विसरले. म्हणाले, "त्या दिवशी गैरसमज झाला नव्हता. मी हरत होतो. त्यांच्या हाताला काय झालंय हे मला ठाऊक होतं, म्हणजे ठाऊक असायला हवं होतं, मी बघितलं होतं. आणि त्यांच्याकडे जायचं मी बंद केलं ते या हातामुळे, न सांगता. ते लबाड नाहीत. निवाडा नुसता चुकला असं नाही, तो मी द्यायलाच नको होता. यापुढे स्पर्धेत निवाडा मास्तर देतील." मग ते खाली बसायचं विसरून तसेच उभे राहिले. मास्तरांनी त्यांचा शर्ट ओढून त्यांना बसवलं.

कुणीतरी ते सलूनवाल्यांना सांगितलं असणार. दोन-चार दिवसांनी तळघरात फोन वाजला. दातवाल्यांच्या हातात मेण होतं.

"ऐकलं मी," सलूनवाले म्हणाले. "एवढं करायची गरज नव्हती." आणि मग स्वतःच म्हणाले, "होती म्हणा. गरज होती."

"मी येऊ का भेटायला?"

"या कधीतरी. पण केस कापायला या. पोरीच्या खुर्च्या भरायला हव्यात."

दातवाले गेले. मुलीनं केस चांगले कापले, एक शब्द न बोलता कापले. नंतर नर्सबाई आल्या, बँकेतला एक मेहुणा आला. दुसरा अजून बाजारातल्या सलूनमध्ये जातो.

पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत सलूनवाले आले. त्यांचे सैनिक हलवायला कुणीतरी शेजारी बसायला हवं होतं. कुठली तुकडी, किती इंच, कुठल्या झाडापर्यंत, ते सांगणार आणि दुसऱ्यानं मांडायचं. दातवाले मनात म्हणत होते, मला सांगा, मला सांगा. त्यांनी दारातच सलूनवाल्यांची पेटी हातात घेऊन टेबलापर्यंत नेली, स्पंजातून पहिला घोडेस्वार काढला आणि खाली ठेवायच्या आधी सलूनवाल्यांकडे बघितलं.

"नर्सबाई बसतील माझ्याबरोबर," सलूनवाले म्हणाले. "त्यांना सांगून ठेवलंय." आवाजात राग नव्हता.

"हो, हो. बरोबर आहे," दातवाले म्हणाले. घोडेस्वार त्यांनी परत खाचेत ठेवला, नर्सबाईंसाठी खुर्ची ओढून दिली, आणि पलीकडच्या टेबलावरचा कलंडलेला डोंगर सरळ करायला गेले.