रस्त्यापलीकडून बहिणीचं नाक

आमच्या घरात शेती नव्हती, नाक होतं. बापाचं होतं, माझं आहे, आणि वाटणीत माझ्या धाकट्या बहिणीला जरा जास्तच मिळालं. मला त्याचा कधी त्रास झाला नाही. पुरुषाचं नाक मोठं असलं की लोक त्याला करारी म्हणतात. तिचा मात्र स्थळाला पाठवलेला फोटो परत यायचा.

फोटो मीच काढायचो. सेलूत घराची रस्त्याकडची खोली हाच माझा स्टुडिओ. मागं डोंगर रंगवलेला पडदा, पुढं स्टूल. स्टूल आणि कॅमेऱ्याच्या मध्ये एक माणूस आडवा झोपला की जागा संपली. मी शाळा चौथीत सोडली, पण कॅमेऱ्याबद्दल मला कुणी शिकवायला लागलं तर त्याला बाहेर बसवायचो. फक्त मायला बाहेर बसवता येत नव्हतं.

"तुझ्या डब्यानं पोरीचं वाटोळं केलं," ती म्हणायची. "फोटूत आधी नाक येतंय, मागून पोरगी."

"डबा खोटं बोलत न्हाई, माय."

"मंग बोलणारा आण."

तसा खोटं बोलणारा डबा मला परभणीत सापडला. जुनी घड्याळं आणि रेडिओ विकणारे एक चाचा होते, त्यांच्याकडं एक जपानी झूम लेन्स आली होती. कुणा पेपरवाल्यानं वापरून वापरून रंग उडवलेली. एकच जाड कडं. ते मागं-पुढं सरकवलं की लांबचं जवळ यायचं, आणि तेच फिरवलं की फोकस लागायचा. सगळं हातानं. मी तोंड वाकडं करून बघायला लागलो, तर चाचा म्हणाले, "महीनाभर रख के देख. पसंद नहीं आई तो वापस ला. मगर तू वापस नहीं लाता, तेरी नाक बोल रई."

घरी आणून उन्हासमोर धरली. आत कडेला बुरशीचा एक धागा, कोळ्यानं अर्धवट सोडल्यासारखा. अंधाऱ्या खोलीत तिच्यातून काहीच धड दिसायचं नाही. कॅमेरा खाली वाकवला की कडं आपोआप घसरायचं, नाडी सुटलेल्या पायजम्यासारखं. सायकलच्या ट्यूबची चकती कापून वरून चढवली, तेव्हा ते जागेवर थांबलं. मग कापसाच्या जिनिंगच्या भिंतीवर आमच्याच पोरांनी चुन्यानं लिहिलेलं 'नामांतर झालेच पाहिजे' दुरून काढलं. लेन्सचं तोंड पूर्ण उघडं ठेवलं तर अक्षरं दुधात बुडल्यासारखी. तोंड बारीक केलं तर वेलांटीवरून ओघळलेला चुनासुद्धा दिसला.

विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्च्यात मी नेहमी असायचो. लेन्स आल्यावरच्या पहिल्या मोर्च्याला मात्र वर होतो, जिनिंगच्या छपरावर. लेन्सचा आणखी एक गुण तिथं कळला. दूरदूर चालणारी माणसं तिच्यात एकमेकांना चिकटतात, मागचा पुढच्याच्या मानेवर बसतो. आमच्या पुढाऱ्यानं फोटो बघितला आणि तो बघतच राहिला.

"एवढी माणसं आली होती व्हय?"

"तुमीच आणली, आन् तुमीच इचारायलाव?"

त्यानं आणखी प्रती मागितल्या. मी मात्र दुसऱ्याच विचारात होतो. मोर्च्यात सगळ्यात पुढं आमचा चुलता होता. नाक तेच, इस्टेटीतलं. फोटोत ते शहाण्यासारखं चेहऱ्यात बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी बहिणीला स्टुलावर बसवलं, दार सताड उघडलं आणि कॅमेरा घेऊन रस्ता ओलांडला. पानटपरीला पाठ टेकवली, तेव्हा कुठं ती नीट फोकसमध्ये आली. मधून सायकली, म्हशी, कापसाची गाडी.

"हनुवटी खाली घे," मी ओरडलो.

"टपरीवर पान बी खा मंग," ती आतून ओरडली. "फोटू काढायलास का गावाला चाललास?"

फोटो असा आला की माय पदरानं पुसून पुसून बघायला लागली. तो पाथरीला गेला आणि या वेळी परत आला नाही. फोटोऐवजी पाव्हणेच आले: शाळेत मास्तर असलेला मुलगा आणि त्याचा बाप.

बसायला स्टुडिओच होता. बहीण त्याच स्टुलावर, आणि बापलेक कॅमेऱ्याच्या जागेवर. बापानं खिशातून फोटो काढला. एकदा फोटो, एकदा नाक. पुन्हा फोटो.

"फोटू हिचाच का?" त्यानं मला विचारलं.

माझ्या कानात जाळ झाला. स्थळ गेलं तर जाईल, पण माझ्या फोटोला खोटं म्हणायचं काम नव्हतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात स्टुलावरून आवाज आला.

"माझाच हाय, मामा. तुमी लय जवळ बसलाव. दादानं टपरीपासून काढलाय. तिथून बघा."

मायनं कपाळाला हात लावला. मुलगा उठला. खरंच उठला. चपला घातल्या, म्हशींना वाट दिली, टपरीला पाठ टेकवून उभा राहिला. एक डोळा मिटून त्यानं आमच्या दारातून आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग परत येऊन बसला.

"फोटू खरा हाय," तो बापाला म्हणाला. मग माझ्याकडं वळला. "पण आमचं घर दोन खणाचं हाय. इतक्या लांबून बघायला जागा न्हाई."

मायच्या हातातला चहा तसाच राहिला.

"मंग जवळून सवय करा," बहीण म्हणाली.

आधी तो हसला. नंतर बाप, थोडं नाइलाजानं. नाइलाजानं का होईना, चहा पिऊन तारीख विचारूनच उठला.

लेन्स मी परत केली नाही. चाचांना तिचे सगळे दोष मोजून सांगितले, मग पैसे दिले. पुढं नामांतर होईपर्यंत प्रत्येक मोर्चा तिनंच दाट केला.

लग्नात मात्र मी ती कॅमेऱ्याला लावून विहाराच्या दारात उभा राहिलो, तर बहिणीनं मला पंचशील सुरू व्हायच्या आधी हातानं खुणावून जवळ बोलावलं.

"ती सोंड पिशवीत ठेव," ती म्हणाली. "जवळून काढ."

मी कुणाचं ऐकत नाही. त्या दिवशी ऐकलं. त्या आल्बमात प्रत्येक पानावर आधी नाक येतं, मागून ती, आणि शेजारी मास्तर, एक डोळा मिटून.