आधी खोगीर काढा

डॉ. इंदुमती सातपुते यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझ्या हातात भरलेली सिरिंज होती. कवठे येमाईला बबनआप्पांच्या गोठ्यासमोर मी उभा होतो आणि पुढ्यात त्यांची हरणी नावाची तांबडी घोडी कान मागे पाडून उभी होती. पाठीमागून आवाज आला, "डॉक्टर, ते खिशात ठेवा आणि आधी तिचं खोगीर काढा." वळून पाहिले तर सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, सत्तरी ओलांडलेल्या एक बाई. मला वाटले, आप्पांच्या कुणी नातलग असाव्यात. मी चक्क हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी गौरव समितीने मला 'बाईंची भूतदया' हा विषय दिला होता. वर एक प्रेमळ सूचनाही होती, की बाईंच्या स्वभावाविषयी फार लिहू नये, चांगल्या कार्यक्रमात उगाच कडवटपणा नको. दोन्ही गोष्टी मी बाजूला ठेवल्या आहेत. बाईंना मी जनावराला कुरवाळताना क्वचितच पाहिले. त्यांना जनावरांची दया येत नसे, त्यांना माणसांचा राग येत असे. तो राग वगळून बाईंविषयी लिहायचे तर कोरा कागद द्यावा लागेल.

तर हरणी. आमच्या भागात गावच्या यात्रेत शर्यतीचा बैलगाडा पळतो तेव्हा बैलांच्या पुढे स्वाराला घेऊन घोडी पळते, हे शिरूरकरांना सांगायला नको, पण हा ग्रंथ दूरवर जाणार आहे म्हणून सांगतो. घोडी चांगली तर बैल तिच्या मागे जीव तोडून पळतात. आप्पांच्या आधीच्या घोडीने बरेच घाट, म्हणजे शर्यतीची मैदाने, गाजवले होते. ती म्हातारी होऊन गेली, पण तिचे खोगीर आप्पांनी देवघराशेजारच्या खुंटीवर टांगून ठेवले. ते यशाचे खोगीर. दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहायचे, फुले घालायची. हरणी घरात आली आणि दसऱ्यानंतर तेच खोगीर तिच्या पाठीवर चढले. जुनी घोडी पाठीने रुंद होती आणि हरणी अरुंद, हे कुणाच्या मनातही आले नाही. यश काय, मापाने येते?

महिनाभरात हरणी पोटाखालचा तंग आवळताना चावू लागली. मग स्वार बसताच पाठ उचलून उसळू लागली. लोकांनी निदान करायला वेळ लावला नाही. कुणी तिच्या अंगावर वाईट जागी केसांचा भोवरा शोधून काढला. पाठीच्या सुरुवातीला, खांद्यामागच्या उंचवट्याच्या दोन्ही अंगांना, तिच्या तांबड्या केसांत पांढरे ठिपके उगवले, तेव्हा तर जाणत्यांनी मानाच डोलावल्या. पाठीवर पांढरे फुटले, आता ही घराला फळायची नाही. उपाय म्हणून तिच्या तोंडात काटेरी लगाम घातला गेला. आणि दुसरा उपाय मी होतो.

हे मला स्वच्छ लिहू द्या. सणसवाडीत भाड्याच्या गाळ्यात माझा नवा दवाखाना होता. आप्पांनी बोलावले, मी गेलो, लांबूनच घोडीकडे पाहिले आणि यात्रेच्या दिवशी सकाळी दुखणे दाबणारे इंजेक्शन दिले. घोडी पळाली. पुढच्या दोन यात्रांनाही मी तेच केले. गावात माझ्या हाताला गुण आहे असे बोलले जाऊ लागले आणि मला ते आवडले. इंजेक्शनने घोडी शांत होते याचा अर्थ तिला दुखते आहे, एवढी साधी गोष्ट पाच वर्षे शिकून पदवी घेतलेल्या माणसाला सुचू नये? चौथ्या यात्रेला इंजेक्शनही पुरले नाही. हरणीने आप्पांच्या मुलाला, संतोषला, घाटातच फेकले. त्याचे गळ्याजवळचे हाड मोडले आणि घोडी विकायचे ठरले. घेणारा कुठला, पुढे तिचे काय करणार, कुणी विचारले नाही. तो दुपारी येणार होता. त्याच्यापुढे घोडी गरीब दिसावी म्हणून सकाळी मला बोलावले होते.

बाईंना बोलावले होते पारूकाकींनी, आप्पांच्या पत्नीने. शिरूर तालुक्यात बाई सरकारी पशुवैद्यक होत्या तेव्हा त्यांनी काकींची गाय वाचवली होती, एवढ्या ओळखीवर काकींनी नवऱ्याला न विचारता फोन केला होता. बाई निवृत्त होऊन दौंडला राहत होत्या. तिथून एसटीने शिरूर आणि पुढे वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून त्या आल्या होत्या.

खोगीर उतरवल्यावर बाईंनी घोडीला हात लावला नाही. बाज ओढून घेतली, बसल्या आणि तासभर नुसत्या पाहत राहिल्या. आप्पा घड्याळ बघत होते, मी मोबाइल. मग बाईंनी काकींना घोडी चालवायला सांगितली, वळवायला सांगितली. त्यानंतर दात पाहिले, खूर ठोकून पाहिले. लगाम हाताने काढला, घोडीच्या ओठांचे फाटलेले कोपरे पाहिले आणि तो लगाम शेणाच्या ढिगात टाकला. शेवटी मानेपासून पाठीवरून अंगठा दाबत नेला. पांढऱ्या ठिपक्यांपाशी अंगठा आला मात्र, घोडीची पाठ खाली गेली आणि सगळे कातडे थरथरले. बाईंनी मला जवळ बोलावले आणि माझाच अंगठा तिथे ठेवला. ती थरथर माझ्या बोटातून खांद्यापर्यंत आली. मला कुणी मारले असते तर बरे वाटले असते.

बाई म्हणाल्या, पांढरे केस म्हणजे मार लागलेली जागा, आता खोगीर फाडून आत पाहायचे. तिथे आप्पा आडवे आले.

"बाई, ते देवापाशी टांगलेलं हाय. त्याला सुरी लावू द्यायचा न्हाई मी."

"नका लावू," बाई म्हणाल्या. "नुसता हात घाला."

त्यांनी ज्वारीची दोन भरलेली पोती एकावर एक ठेवायला लावली, वर खोगीर ठेवले आणि आप्पांना पंजा उताणा करून खोगिराखाली, बरोबर पुढच्या बाजूला घालायला सांगितले. मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही बसा. तुम्हीच बसा." मी बसलो. आप्पांचा चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावर होता. आधी त्यांना कळले नाही, मग त्यांचे ओठ आवळले गेले. बाईंनी मला थोडे पुढेमागे हलायला सांगितले, स्वार हलतो तसे.

"उठा डॉक्टर," आप्पा हळूच म्हणाले.

बाई म्हणाल्या, "बसा. घोडीला बोलता आलं असतं तर तीही हेच म्हणाली असती. तिच्या तोंडात तुम्ही काटे घातलेत."

मी थोडा वेळ बसून राहिलो आणि मग उठलो. आप्पांच्या पंजावर खोल वळ उमटला होता आणि एका जागी रक्त आले होते. आप्पा घरात गेले, सुरी घेऊन आले आणि त्यांनीच खोगिराची शिवण उसवली. आतला लाकडी सांगाडा पुढच्या कमानीत तडकला होता, त्याची धार आणि एक उचकटलेला खिळा खालच्या बाजूला आला होता. वर हळदीचे डाग होते, आत हे होते. आप्पा जमिनीवर बसले. "संतोषला रोज म्हनायचो, टाच मार, अजून मार," एवढेच ते म्हणाले.

दुपारी व्यापारी आला, त्याला काकींनी चहा देऊन वाटेला लावले. बाईंनी चार महिने पाठीवर काही न टाकण्याची शिक्षा घोडीला नव्हे, घराला फर्मावली. रोज हाताने चालवायचे, आणि ते आप्पांनी. हरणी पुढे मापाच्या नव्या खोगिराखाली निमूट चालली. तिचे पांढरे ठिपके गेले नाहीत, जाणारही नाहीत. कुणी विचारले तर आप्पा सांगतात, "ती माझी खूण हाय, तिची न्हाई."

माझी तक्रार बाईंनी कुठेही केली नाही. जाताना फक्त म्हणाल्या, "गुरुवारी दौंडला या." मी गेलो, आणि तेव्हापासून बहुतेक गुरुवार तिथेच गेले. स्वतः पिठले-भाकरी वाढायच्या आणि माझे निदान चुकले की ताट पुढ्यात असतानाच झापायच्या. आधी बघायचे, मग हात लावायचा, औषध सगळ्यात शेवटी, हे मी त्यांच्या स्वयंपाकघरात शिकलो. जनावराच्या चालीतला सूक्ष्म लंगडेपणा ओळखायला शिकलो. आज लोक त्यासाठी मला लांबून बोलावतात.

त्या गुरुवारांतच कळले, की नोकरीत असताना बाईंनी दौंडमध्ये एक वरात अडवली होती. नाचवायच्या घोडीच्या तोंडातून रक्त येत होते. बाईंनी नवरदेवाला खाली उतरवले आणि बँडच्या ठेक्यावर त्याला चालत मांडवात जावे लागले. नवरदेव कुणा वजनदार माणसाचा पुतण्या होता. बाईंची बदली झाली आणि गोपनीय अहवालात शेरा पडला: स्वभाव तापट, सहकार्याची वृत्ती नाही. पुढे जिथे जिथे त्या गेल्या, तिथे तो शेरा त्यांच्या आधी पोहोचला. घोडीच्या तोंडातल्या रक्ताची नोंद मात्र कुठल्याच कागदावर नाही. आणि आज आम्ही त्यांना शाल देणार, श्रीफळ देणार आणि स्वभावाविषयी लिहू नका म्हणणार. घोडी चावली तर भोवरा शोधायचा, बाई बोलल्या तर स्वभाव. शेरा लिहिणाऱ्या साहेबांना काय म्हणू, सुरीपेक्षा हळदकुंकू सोपे पडते हे आम्हालाही ठाऊक आहेच.

पण हा संताप आता मला स्वतःवरच संपवावा लागतो आहे. गेल्या महिन्यात समितीची मंडळी निमंत्रणाचा मजकूर घेऊन बाईंकडे गेली, मीही बरोबर होतो. बाई त्यांच्यावर कारण नसताना डाफरल्या, चहाही विचारला नाही. सगळे म्हणाले, वयाने चिडचिड्या झाल्या आहेत. मीही मान डोलावली. मंडळी निघाली, बाई दारापर्यंत आल्या, आणि उंबरा ओलांडताना त्यांनी चौकट धरून डावा पाय आधी टाकला. उजव्यावर भार येऊ नये म्हणून. कवठ्याहून परतताना जीपमध्ये चढतानाही त्यांनी असेच केले होते, हे मला त्या क्षणी आठवले. तीन वर्षे मी या बाईंपुढे बसून जनावरांचे लंगडणे ओळखायला शिकत होतो.

मी परत आत गेलो आणि विचारले, "बाई, कुठं दुखतंय?"

त्या खुर्चीत बसल्या आणि उजव्या खुब्यावर हात ठेवला. "चार वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "मी वाट बघत होते, तुझ्या कधी लक्षात येतंय."

त्यांनी मला अरेतुरे केल्याची ती पहिली वेळ. खुब्याचे फोटो काढून झाले आहेत, शस्त्रक्रियेचा दिवस ठरला आहे, गाडी मी चालवणार आहे. बाईंना उदंड, निरोगी आणि बिनदुखण्याचे आयुष्य लाभो. दुखणे गेल्यावर त्यांचा राग कमी होईल अशी आशा समितीतल्या कुणी बाळगली असेल, तर त्यांना नम्रपणे कळवतो, की तो खुब्यातून येत नव्हता. तो शंभर वर्षे तसाच राहो, आणि त्याचा पहिला मारा, नेहमीप्रमाणे, माझ्यावर होवो.