पांघरुणाखालचं भूत

माझा दादा वर्षातून एकदा आजारी पडायचा आणि आम्ही सगळे त्याची वाट बघायचो. ऐकायला वाईट वाटतं, वाटू दे. ज्या घरातला बाप उजाडायच्या आत कामावर जातो, दुपारी येऊन आडवा होतो आणि मुली शाळेतून येतात तेव्हा घोरत पडलेला असतो, त्या घरातल्या मुली तापाची वाट बघणारच. त्यांना नावं ठेवायला माझ्याकडे कुणी येऊ नये.

दादा बेकरीत भट्टी सांभाळायचा. लाकूड किती घालायचं, निखारे कुठे ओढायचे, दार कधी उघडायचं, सगळं त्याच्या हातात. मालक माणूस वाईट नव्हता. सुट्टी मागितली असती तर कुरकुरत का होईना दिली असती. पण हा मागेल तर ना! "भट्टी माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही," हे त्याचं पालुपद. मी म्हणायचे, "भट्टी आहे की तुझी दुसरी बायको?" तो नुसता हसायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अंधारात चपला शोधत निघायचा.

बेकरीचा एक नियम मात्र कडक होता. शिंकणारा, खोकणारा माणूस पिठाच्या आसपास फिरकता कामा नये, खोकला पुरता जाईपर्यंत घरीच. त्यामुळे हवा बदलली आणि दादाचं नाक चोंदलं की आमच्याकडे आनंदीआनंद. ताप लगेच उतरायचा. खोकला मात्र दादा पुरवून पुरवून वापरायचा. पीठ मळणारे काका मालकाच्या सांगण्यावरून चौकशीला यायचे, तेव्हा तर तो असा काही खोकायचा की खालच्या मजल्यावरची माणसं वर बघायची. काका जिना उतरले की दोघी मुली टाळ्या वाजवायच्या. काकांनाही सगळं ठाऊक होतं. मालकाला जाऊन सांगायचे, "अजून आठवडाभर तरी काही खरं नाही."

त्या आठवड्यात वहिनीचं राज्य असायचं. आलं ठेचून, मिरी कुटून काढा उकळायचा, कोमट झाला की त्यात मध. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. छातीला कोमट तेल. दादा प्रत्येक गोष्टीला तोंड वाकडं करायचा आणि प्रत्येक गोष्ट दोनदा मागून घ्यायचा. शेवटी वाफ. टेबलावर उकळत्या पाण्याचं पातेलं, खुर्चीत दादा, आणि दोघांवर मिळून जाडजूड पांघरूण. हा खरा कार्यक्रम. मुली समोर मांडी ठोकून बसायच्या. थोडा वेळ सगळं शांत, मग आतून घोगरा आवाज, "कोण आहे रे बाहेर? मला दोन मुली हव्यात, मऊ शिजवलेल्या!" मुली किंचाळत घरभर पळायच्या. मग ते भूत वाफेत बसून मागच्या वर्षी अर्धवट सोडलेली गोष्ट पुढे सांगायचं. थोरलीला ती गोष्ट तोंडपाठ होती. धाकटी सारखी गुणगुणत असते म्हणून तिला आम्ही भुंगा म्हणतो. ती भुताला मध्येच थांबवून हजार प्रश्न विचारायची.

मी शेजारच्याच खोलीत राहते. पडदे, अभ्रे शिवते. पण त्या आठवड्यात माझंही हातशिलाईचं काम दादाच्या खोलीत चालायचं. मलाही गोष्ट ऐकायची असायची, उगाच खोटं कशाला बोलू?

त्या वर्षी ताप आला तो नेहमीसारखाच. वहिनीनं आलं आणलं, मुलींनी खुर्ची पुसून ठेवली. पण ताप उतरला आणि पुन्हा चढला. दादा काढा अर्धा ठेवायला लागला. तोंड वाकडं करेना, विनोद करेना. मी म्हटलं, "वहिनी, डॉक्टरांकडे नेऊया का?"

वहिनीनं खलबत्त्यावरून मान वर केली नाही. "वन्सं, दर वर्षी तुम्ही हेच म्हणता. माझ्या हातचा काढा कधी वाया गेलाय?"

"वाया नाही गेला. पण यंदा त्याचं लक्षण वेगळं आहे."

"लक्षण वेगळं नाही, यंदा नाटक चांगलं वठलंय," ती म्हणाली. तिची तरी काय चूक? नवऱ्यानं तिला इतकी वर्षं हेच शिकवलं होतं. या घरात त्याच्या खोकल्यावर कुणी विश्वास ठेवायचा नाही, हा नियमच होता.

दुपारी पीठ मळणारे काका आले. मुली लगेच सरसावून बसल्या. दादाला खोकला आला. आला तो थांबेचना. तो पलंगाची कड धरून पुढे वाकला, मानेच्या शिरा ताणल्या. थोरली माझ्या कानात म्हणाली, "आत्या, यंदा बाबा सगळ्यात भारी करतोय." काका हसत हसत उठले. "कळलं, कळलं. मालकाला सांगतो. एवढा जीव नका काढू." आणि जिना उतरले. मुलींनी टाळ्या वाजवल्या. दादानं हात वर केला. मला वाटलं, तो मुलींना दाद देतोय. पण तो हात हवेत काहीतरी शोधत होता आणि काहीच न सापडून खाली आला.

माझी सुई तिथेच थांबली. मी त्याच्या छातीकडे बघत बसले. फासळ्या भराभर वरखाली होत होत्या. "दादा, बरं वाटत नाही का?"

"आहे... बरा," तो म्हणाला. दोन शब्दांना दोन श्वास.

"वहिनी!"

"आणते, आणते. पाणी उकळलंय." ती पातेलं घेऊन आली. "वाफ घेतली की छाती मोकळी होईल. चला हो, खुर्चीत बसा."

"वहिनी, आधी जरा बघ त्याच्याकडे."

"वन्सं, माझं मला करू द्या!" ती माझ्यावर कधी आवाज चढवत नाही. तेव्हा चढवला. तीही घाबरली होती, आणि घाबरली आहे हे तिला स्वतःलाही कळू द्यायचं नव्हतं. दादानं हातानंच मला गप्प केलं आणि भिंतीला धरत खुर्चीत जाऊन बसला. वहिनीनं पांघरूण टाकलं. मुली समोर मांडी घालून बसल्या, तोंडावर हात दाबून.

आम्ही वाट बघत राहिलो.

पांघरुणाच्या कडेनं वाफ निघत होती. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं. आतून काही आवाज नाही. थोरली खुदकन हसली. भुंगा कुजबुजली, "येईल आता. मुद्दाम उशीर करतोय." वहिनी दारात उभी, हातात चमचा, तिच्याही ओठांवर अर्धं हसू. नेहमी जेवढं थांबायचो त्याहून जास्त थांबून झालं होतं. भुंगा पुढे सरकली आणि पांघरुणाला म्हणाली, "ए भुता, आम्ही इथे आहोत!"

भूत काही बोललं नाही.

मी उठले ते मांडीवरचा पडदा पायात अडकून पडतापडता सावरले आणि पांघरूण ओढलं. दादाची मान एका बाजूला कलली होती. ओठ निळे पडले होते. डोळे उघडे होते, पण मला बघत नव्हते. पातेलं त्याच्या हातानं कसं कलंडलं नाही, देव जाणे.

मुलींना वाटलं, हाही खेळच. भुंगा किंचाळत पळाली, दारापर्यंत गेली आणि मागे कुणी येत नाही हे बघून तिथेच उभी राहिली. ते तिचं वळून बघणं मी अजून विसरले नाही.

पुढचं सगळं तुकड्यातुकड्यांनी आठवतं. मी खिडकीतून ओरडले. काका अजून कोपऱ्यावरच कुणाशी तरी बोलत उभे होते, ते दोन दोन पायऱ्या चढत आले. त्यांनी आणि खालच्या भाडेकरूनं दादाला खुर्चीसकट उतरवलं. "मला वाटलं नेहमीसारखंच..." काका जिन्यात पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी त्यांच्यावर खेकसले, "आता पाय उचला!"

दवाखान्यात दादाला आत नेलं आणि दार लागलं. वहिनी बाकावर बसली. तिच्या बोटांना आल्याचा वास येत होता. ती उठून नळावर हात धुवायची, येऊन बसायची, हात हुंगायची, पुन्हा उठायची. शेवटी मी तिचे ओले हात माझ्या मांडीवर घेऊन धरून ठेवले. मला तिचा राग आला होता, आणि तिच्याइतकी दया मला तेव्हा कुणाचीच आली नाही.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. न्यूमोनिया, ऑक्सिजन लावलाय, रात्र काळजीची आहे, म्हणाल्या. वहिनीनं एकच विचारलं, "माझ्या काढ्यानं झालं का?"

"काढ्यानं नाही झालं," त्या म्हणाल्या. "तो पुढेही द्या, घशाला बरं वाटतं. पण ताप उलटून आला, धाप लागली, की घरी बसायचं नाही. तडक इकडे यायचं."

वहिनीनं मान डोलावली. अशा वाक्यानं कुणाचा जीव हलका होत नाही. पण ती रात्र गेली, त्यानंतरचीही गेली, आणि एका सकाळी दादानं नाकावरची नळी बाजूला करून विचारलं, "भट्टी कोण बघतंय?" तेव्हा मी आधी रडले आणि मग त्याला मनसोक्त शिव्या घातल्या.

भट्टी काका बघत होते. दादा घरी आल्यावर त्यांनी पाव आणून दिला. दादानं उलटसुलट करून बघितला, हुंगला, तुकडा मोडला. "खालून जरा करपलाय," तो म्हणाला. मी खाल्ला. मला तर काही फरक कळला नाही. दादालाही फारसा कळला नसावा, कारण नंतर बराच वेळ तो खिडकीबाहेर बघत होता. भट्टी त्याच्याशिवायही ऐकत होती. बिचाऱ्याला ते लागलं, आणि माझ्या मते त्यातच त्याचं भलं झालं.

वहिनीनं मात्र आल्याला हात लावणं सोडलं होतं. डॉक्टरांच्या गोळ्या वेळेवर, पातळ सूप, कोमट पाणी, बस्स. तिला तो खलबत्ता डोळ्यांसमोर नको होता. एक दिवस दादा स्वतः भिंत धरत स्वयंपाकघरात गेला, खलबत्ता खाली काढून तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "अगं, गोळ्या खाऊन तोंड कडू झालंय. तुझं ते दे ना. अर्धा कपच." ती आलं ठेचत राहिली, रडत राहिली. त्यानं कपभर प्यायला आणि सवयीनं तोंड वाकडं केलं.

वर्ष गेलं, हवा बदलली. दादाला साधी शिंकही आली नाही. एका दुपारी भट्टीवरून निघताना तो मालकासमोर जाऊन उभा राहिला.

"आठवडाभर येणार नाही."

"खोकला?"

"नाही."

"ताप?"

"नाही. घरी थांबायचंय."

काका सांगतात, मालकानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाला, "थांब की. आधी बोलायला काय झालं होतं?"

दुसऱ्या दिवशी मुली शाळेतून आल्या, तर बाबा खुर्चीत, खांद्यावर तेच पांघरूण. दादाला वाटलं, मुली खूश होतील. थोरलीचं दप्तर दारातच खाली पडलं. भुंगाची गुणगुण थांबली. ती हळूहळू पुढे आली आणि त्याच्या कपाळावर हात ठेवला. मग मानेवर. मग पुन्हा कपाळावर.

"थंड आहे," ती म्हणाली.

"हो ना. मला काही झालं नाहीये. तुमच्यासाठी थांबलोय."

तिनं हात काढला नाही. दादानं मग पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं आणि घोगऱ्या आवाजात सुरू केलं, "कोण आहे रे बाहेर? मला दोन मुली..." कुणी किंचाळलं नाही, कुणी पळालं नाही. भुताला काय करावं कळेना, ते गप्प झालं.

भुंगानं पांघरुणाची कड उचलली आणि आत शिरली. आतून तिचा आवाज आला, रडवेला.

"गप्प नको ना बसू, बाबा. बोलत राहा."

मग दादा बोलत राहिला. थोरली दप्तर तिथेच टाकून पांघरुणात घुसली. स्वयंपाकघरात वहिनीनं खलबत्ता थांबवला, आवाज नीट ऐकू यावा म्हणून. जेवणं गार झाली तरी त्या दिवशी त्याला कुणी गप्प बस म्हटलं नाही.