नळी वर, नवरा समोर

माझ्या नवऱ्याने आठ महिने घासून एक आरसा केला. सहा इंच रुंदीच्या, जाड काचेच्या दोन चकत्या एकमेकींवर ठेवायच्या, मध्ये कुरुंदाची पूड आणि पाणी घालायचं आणि घासत राहायचं, म्हणजे वरची चकती हळूहळू खोलगट होते. किती खोलगट? जेमतेम एक मिलिमीटर. एवढा खड्डा आमच्या दादरच्या रस्त्याला एका रात्रीत पडतो, तोही कोणी न घासता. पण हा ऑफिसातून आला की ओट्याशी उभा, खर्रर्र खर्रर्र. पॉलिशचे दिवस आले तेव्हा घरात रवा चाळायलाही बंदी झाली, कारण एक कण पडला तर काचेला चरा जाईल म्हणे.

मग रे रोडच्या वखारीतून प्लायवूड आलं, प्लंबरकडून जाडजूड पाइप आला आणि एकदाची दुर्बीण उभी राहिली. तिचे दोन भाग सुटतात, नळी आणि तिला पेलणारा खालचा खोका, त्यामुळे आमच्या बिनलिफ्टच्या इमारतीत ती दोन खेपांत गच्चीवर नेता येते. या गोष्टीचं त्याला इतकं कौतुक, की आल्यागेल्याला चहाच्या आधी तो दुर्बीण सोडून आणि जोडून दाखवायचा. मला रोज म्हणायचा, "चल ना वर." मी म्हणायचे, "गुडघे दुखतायत रे." गुडघे दुखत नव्हते. दिवसभर बँकेत लोकांची तोंडं बघून आल्यावर मला आणखी काहीच बघायचं नसायचं.

असा महिना गेला आणि एका रविवारी सोसायटीचे सेक्रेटरी गच्चीची किल्ली परत घ्यायला आले. समोरच्या इमारतीतल्या काकूंची लेखी तक्रार होती. 'सदर गृहस्थ रोज संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात टक लावून बघतात. कोणास संशय येऊ नये म्हणून नळी मुद्दाम आकाशाकडे करून ठेवतात.'

मी खो खो हसले. "अहो, आमच्याच स्वयंपाकघरात काय शिजतंय ते हा बघत नाही, त्यांच्या काय बघणार?" नवरा मात्र हसला नाही. किल्ली देताना त्याचा चेहरा एवढासा झाला होता. "गच्ची गेली तर मी ही लावू कुठे?" सेक्रेटरी गेल्यावर तो म्हणाला. "आपल्या खिडकीतून फक्त त्यांचीच खिडकी दिसते." हे वाक्य बाहेर कुठे बोलू नकोस, असं मी त्याला बजावलं. पण मलाही राग आला होता. माझ्या नवऱ्याला मी काय वाटेल ते बोलीन, दुसऱ्याने बोललेलं मला चालत नाही.

खरं सांगायचं तर काकूंनी पाहिलं ते खोटं नव्हतं. या जातीच्या दुर्बिणीत डोळा लावायचं भिंग नळीच्या टोकाला नसतं, बाजूला असतं. तळाच्या आरशावरून उजेड वर येतो आणि एका छोट्या तिरप्या आरशावरून बाजूला वळतो. त्यामुळे नळी वर चंद्राकडे आणि नवरा नाकासमोर, थेट काकूंच्या ओट्याकडे.

मी सेक्रेटरींच्या मागे लागून पाहणी ठरवली. अष्टमीचा अर्धा चंद्र होता. दिवेलागणीला काकू आल्या, सेक्रेटरी आले. नवऱ्याने पंचेचाळीस अंशांच्या कोनापासून सुरुवात केली, तसे काकूंच्या कपाळाला आठ्या पडल्या. मी त्याला गप्प केलं आणि काकूंना धरून भिंगाशी उभं केलं. "तुम्ही स्वतःच बघा."

"अगंबाई!" काकू म्हणाल्या. "केवढे खड्डे!" आणि तिथेच खिळल्या. पाच मिनिटांनी त्यांचा मोबाईल वाजला. समोरच्या खिडकीत बनियनवर उभे असलेले त्यांचे मिस्टर विचारत होते, "तू तिथून आपल्या घरात काय बघत्येस एवढं?"

तक्रार तिथल्या तिथे मिटली. पण सेक्रेटरी हा सावध माणूस. उद्या दुसऱ्या कोणाची तक्रार नको म्हणून त्यांनी अट घातली, वहिनी स्वतः सोबत असतील तरच किल्ली मिळेल. म्हणजे बघणार हा आणि कैद मला! मी तणतणतच खाली उतरले. नवरा मान खाली घालून चालत होता, पण तो हसू दाबतोय हे मला पाठीमागूनही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा मी भिंगाला डोळा लावला आणि चंद्राच्या आधी मला दुसरंच काही जाणवलं. माझी उंची चार फूट दहा. लग्न होऊन आले तेव्हापासून या घरातला फडताळाचा वरचा कप्पा माझा नाही, बँकेतही मी पायाखाली पाट घेऊन बसते. इथे मला टाचा उंचवाव्या लागल्या नाहीत. भिंग बरोबर माझ्या डोळ्यासमोर होतं. मग तो बघायला आला. सहा फुटांना दोन बोटं कमी असलेला माझा नवरा कमरेत चांगला वाकला, तेव्हा कुठे त्याचा डोळा भिंगाला लागला.

"अरे, खोका तुझ्या मापाचा का नाही केलास?"

"तू येशील म्हणून," तो वाकलेलाच म्हणाला.

मला एकदम भरून आलं, आणि लाजही वाटली. महिनाभर हा माणूस रोज माझ्या उंचीला वाकून एकटाच आकाश बघत होता. "हो बाजूला," मी म्हटलं आणि पुन्हा भिंगाला डोळा लावला, कारण त्याच्याकडे बघायची माझी सोय राहिली नव्हती.