वाकळा निघाल्या प्रदर्शनाला

प्रदर्शनाहून परत आलं की वाकळा मोजून घेता येतात, किस्से नाही! ते न विचारता टेम्पोत चढतात आणि घरी येऊन मुक्काम ठोकतात. हल्ली आमची प्रदर्शनं कमी झालीत. तरी साताऱ्यात माझ्याकडे कुणी चहाला आलं आणि वाकळेचा विषय निघाला, की माझी गाडी सुटलीच म्हणून समजा.

आमचं टोळकं लहान. मी शाळेतली चित्रकलेची बाई, रिटायर झालेली. हौसाक्का आणि मंदा या इस्लामपूरजवळच्या एका गावातल्या, शिवणाऱ्या. आणि टेम्पोवाले पोपटभाऊ. जुन्या लुगड्या-धोतरांच्या हातशिवणीच्या गोधड्या, म्हणजे आमच्या वाकळा, भिंतीवर टांगून लोकांना दाखवायच्या हा उद्योग माझ्या डोक्यातून निघालेला. "अंगावर घ्यायची वस्तू भिंतीला?" म्हणून मंदा तेव्हा जी हसली, ती अजून थांबलेली नाही.

*

वाकळ टांगायची तर वरच्या कडेला मागून कापडाची पट्टी शिवायची आणि त्यातून पाईप घालायचा. "परकराला नेफा असतो ना, तसा शिवा," असं मी सांगून आले होते. सांगलीला पहिलंच प्रदर्शन. हॉलवर गठ्ठे सोडले, तर प्रत्येक वाकळेला सुरेख नेफा. आणि प्रत्येक नेफ्यात नाडी! तीही ओढून, गच्च गाठ मारून. एवढाल्या वाकळा चुण्या पडून फुगल्या होत्या.

"अगं मंदा, नाडी कशाला?"

"आवं बाई, बिननाडीचा नेफा कुटं बगितलाय का तुमी?"

उद्घाटनाची माणसं दारात चपला काढत होती आणि आम्ही तिघी आत बसून दातांनी गाठी सोडवत होतो.

*

वाकळेची घडी घालून पाठवली तर चुण्या पडतात. म्हणून ती पाईपवर गुंडाळायची आणि त्याच पाईपवर टांगायची. पाईप आणायचं काम पोपटभाऊंचं. ते कुठून आणतात, हे आम्ही कधी विचारलं नाही. पुढच्या खेपेला सांगलीतच पाहुण्यांचं भाषण रंगात आलं असताना एक शेतकरी तरातरा आत शिरला.

"पोपट, माजं पाईप! उसाला पाण्याची पाळी आलीया!"

"गड्या, जरा भाषान तर हुंदे की."

"पानी थांबतंय व्हय रं भाषणासाठी?"

काय करता! पाईप गेले. पाहुणे भला माणूस. त्यांनी एका वाकळेचं एक टोक धरलं, दुसरं मी धरलं आणि राहिलेलं भाषण तसंच पार पडलं. शेवटी टाळ्या मात्र आम्हा दोघांनाही वाजवता आल्या नाहीत.

*

आमच्याकडे वाकळेची शेवटची कड मिटवण्याआधी तिच्या पोटात काहीतरी खायचं ठेवतात. चिमूटभर तांदूळ, नाहीतर भाकरीची कोर. वाकळ उपाशी राहू नये म्हणून. मला ही रीत फार आवडते. पण पुण्याच्या गॅलरीतल्या मॅनेजरला ती कशी ठाऊक असणार? दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा घाबराघुबरा फोन, "मॅडम, आर्टवर्कला मुंग्या लागल्यात!"

जाऊन बघते तर पांढऱ्याशुभ्र भिंतीवरून काळी रांग थेट मंदाच्या वाकळेत शिरलेली. मी मंदाकडे बघितलं.

"शिरा घातलाय," ती म्हणाली. "आवं, एवढ्या मोठ्या गावाला जायाचं, आन् निस्त्या तांदळावर?"

*

चिपळूणला निघालो होतो. कोयनानगरच्या पुढे घाटात दरड आली आणि भर दुपारी सगळं ठप्प. धुकं, भुरभुर पाऊस, आणि मागे एसटीतली माणसं कुडकुडतायत. पोपटभाऊंनी माझ्याकडे बघितलं, मी हौसाक्काकडे बघितलं. त्या टेम्पोची ताडपत्री सोडायला लागल्या. प्रदर्शनाच्या वाकळा एसटीभर पांघरल्या गेल्या! कुणाची तरी पोरं दोन-दोन एका वाकळेत. टपरीवाला भजी तळत होता, ती वाकळेच्या आतूनच खाल्ली जात होती. इतकं सुंदर प्रदर्शन आमचं पुन्हा कधी झालं नाही, हे मी अगदी मनापासून सांगते.

चिपळूणला एक बाई एका वाकळेजवळ वाकल्या आणि नाक मुरडून म्हणाल्या, "हिला भज्यांचा वास येतोय."

मंदा म्हणाली, "येनारच की. काल कामावर गेली हुती."

*

आता हौसाक्काचं सांगते. त्यांची एक वाकळ विकायची नसायची, पण प्रत्येक प्रदर्शनाला ती न्यायचीच. लेकीच्या लहानपणीच्या फ्रॉकांची, शाळेच्या ड्रेसची, परकरांची वाकळ. लेक म्हणजे लता. तिनं आपल्या मनानं लग्न केलं, तेव्हा बापानं दार लावून घेतलं. बाप गेला, तरी मायलेकींची गाठ पडली नाही. फोन नाही, पत्ता नाही. पुण्यात असते, एवढंच ऐकून.

औंधला एक इंजिनिअर त्या वाकळेसाठी अडूनच बसले. हौसाक्का म्हणाल्या, "ती बगायला ठिवलीया, इकायला न्हाई."

"कुणाला बघायला?"

"जिला वळखू यील तिला."

ज्या खेपेला त्या बरोबर नसायच्या, तेव्हा आम्ही परत आलो की आधी चहासुद्धा विचारायच्या नाहीत. "बाई, कोन कोन आलं हुतं?" मी मोठमोठी नावं सांगायची. त्या ऐकून घ्यायच्या आणि वाकळ उचलून आत जायच्या. मला तेव्हा फार वाईट वाटायचं.

*

पुण्यातलं अलीकडचं प्रदर्शन, त्याचा शेवटचा दिवस. हौसाक्काचे गुडघे धरले होते म्हणून त्या आल्या नव्हत्या. मी आणि मंदा जेवून आलो, तर वॉचमन हसून म्हणाला, "मॅडम, तुमच्या त्या ताई काम करून गेल्या."

"कोण ताई?"

"सुईदोरा घेऊन आलेल्या त्या. कोपरा उसवलाय म्हणाल्या. बसायला स्टूल मीच दिलं. कडेवर बाळ होतं, ते मी धरलं."

मी त्याला असं फैलावर घेतलं की विचारू नका! कुणीही येतं आणि प्रदर्शनातल्या वस्तूला सुई लावतं म्हणजे काय! घाईघाईत सगळ्या वाकळांवरून नजर फिरवली. कुठे काही उसवलेलं दिसेना, काही गेलेलंही दिसेना. आवरायची वेळ झाली होती. गुंडाळलं आणि निघालो.

गावात पोचल्यावर हौसाक्कांनी नेहमीसारखी आपली वाकळ ओट्यावर पसरली. हात फिरवता फिरवता खालच्या कोपऱ्याशी थांबल्या. तिथे तळहाताएवढा एक नवा तुकडा होता. पिवळा, त्यावर बारीक बदकं.

त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला. टाक्यांवरून बोट एकदा इकडून फिरवलं, एकदा तिकडून.

"डाव्या हातानं शिवलंया," त्या म्हणाल्या. "डाव्या हातानं शिवती म्हनून किती रागं भरायची मी तिला."

मंदासुद्धा हसायची थांबली.

हौसाक्कांनी तो तुकडा चिमटीत धरून चोळला. "झबल्याचं कापाड हाय. धुऊन धुऊन मऊ झालंया." मग वाकळ तशीच मांडीवर ओढून घेतली आणि माझ्याकडे न बघता विचारलं,

"बाई, पुन्याला परत कवा जायाचं?"