दादांनी आपल्या मनानं संपवलेली नोकरी

मंठ्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये लागायच्या आधी दादा, म्हणजे माझे वडील, आष्टीला सालगडी होते. सालगड्याचं साल पाडव्याला संपतं. मालकानं पुन्हा ठेवलं तर ठीक, नाहीतर दुसरं घर धरायचं. जिनिंगमध्ये ते कायम झाले त्यानंतर माझा जन्म, माझी शाळा, सगळं झालं. पण दादांच्या डोक्यातला सालगडी काही गेला नाही.

त्यामुळे ऐंशीच्या दशकात शेठजींनी जिनिंग विकली, तेव्हा दादांनी परस्परच आपलं साल संपवलं. मशिनच्या पाया पडले, पाने-पक्कड जागेवर ठेवली, खाकी कपडे धुऊन परत केले आणि घरी आले. कुणी सांगितलं नव्हतं. "आधी इचारायचं तरी!" माय म्हणाली. विचारतील तर ते माझे वडील कसले!

दुसऱ्या दिवशी धुतलेली टोपी घालून, नारळ घेऊन ते नव्या मालकापुढे उभे राहिले. "ठेवता का मला, मालक?" त्यांचं बघून मागे सगळ्या कामगारांची रांग लागली. नव्या मालकाला आयतंच फावलं. "ठेवतो की. पण आजपासून सगळे नवे. जुनी नोकरी धरायची नाही."

दादा खुशीत मान डोलावत होते. काम घटलं की नवा माणूस आधी घरी जातो, म्हातारपणाची ग्रॅच्युइटीही पुन्हा शून्यापासून मोजली जाते, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

किल्ल्या द्यायला आलेले शेठजी तिथंच बसले होते. विकून मोकळा झालेला माणूस, गप्प बसला असता तरी कोण काय म्हणणार होतं? पण ते म्हणाले, "सौद्यात आपलं बराबर बोलणं झालंय. यांची नोकरी तुटणार न्हाई, पगार घटणार न्हाई. कायदा बी तेच सांगतो. कबूल नसंल तर किल्ल्या माझ्याजवळच राहू द्या." नव्या मालकानं कबूल म्हणत किल्ल्यांसाठी हात पुढे केला. त्या शेठजींबद्दल मला आजही माया वाटते.

दादा घरी आले ते तोंड पाडून.

"ठेवलं का?" मायनं विचारलं.

"न्हाई ठेवलं."

माय मटकन खाली बसली. तेव्हा कुठं दादा हसले, आणि हसता हसताच त्यांचे डोळे भरून आले.

"शेठजी म्हणले, येड्या, ठेवायचं कशाला? तू गेल्ताच कुठं?"