लिलावातला ट्रक

लढाई संपल्यावर आमच्या अकोल्याच्या कापसाच्या जिनिंगनं लष्कराचा जुना, चारी चाकांनी ओढणारा ट्रक लिलावात घेतला. त्याच्या दुरुस्तीला दर रविवारी एक मिस्त्री यायचा. गाडीखाली शिरण्याआधी तो दारावर थाप मारायचा, टोपी काढायचा आणि रिकाम्या सीटला अदबीनं म्हणायचा, "उतरा साहेब, काम करून राहिलो."

मी हसलो, तर डाफरलाच. "हसता कावून? ज्याची गाडी, त्याले सांगा लागते."

एका रविवारी तो आलाच नाही. ग्रीस द्यायला मीच खाली शिरलो. आवारात चिटपाखरू नव्हतं. तोंडावरची ब्रेकची दांडी सावकाश ओढली गेली, वर कुणी पाय दाबावा तशी.

मी पुटपुटलो, "उतरा साहेब."

दांडी सैल झाली. दार करकरलं, आणि कुणी उतरल्यावर येते तशी गाडी किंचित वर आली.